मोटर बंद करून गेलेली बाई

लताबाई माझी भावजय. माझ्या धाकट्या भावाची, पुनाची बायको. आमचं दोघींचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी म्हणायला नको की बेबाबाई भावजयीचे गोडवे गाते. गोडवे गावेत अशी ती बाईच नाही.

शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. लग्न होऊन निघताना पोरी रडून रडून गाव गोळा करतात. ही बया गाडीत बसली आणि ड्रायव्हरला विचारते, गाडी किती पळते? मी तेव्हाच आईला म्हटलं, माय वं, ही काही आपल्यातली नाही. आई म्हणाली, गप बस, पुनाला आवडली आहे. पुनाला तर काय, सगळंच आवडायचं.

आमचं माहेर भडगावपासून जवळ, गिरणेच्या काठी. केळीची बाग आणि एक विहीर, त्यावर घर चालायचं. मी थोरली नणंद, दोंडाईच्याहून एवढा प्रवास करून माहेरी जायची. भावजयीनं दोन शब्द बोलावेत, चहा पुढे ठेवावा, बस, एवढीच अपेक्षा. तर ही साडीवर पुनाचा जुना सदरा चढवून केळीत. बुंध्याशी फुटलेली पिलं कापते आहे, घड झाकते आहे, ठिबकच्या नळ्या सरळ करते आहे. "अक्का, चहा डब्बामा शे, करी ल्या," असं बांधावरूनच ओरडून सांगायची. पाहुणीनं स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचा! मी करून घ्यायची, आणि दोंडाईच्याला परत आले की शेजारच्या चार घरी सांगायची.

पुना मात्र तिच्यावर जीव टाकायचा. दोघं नवराबायको त्या मोटरीपायी वेडी होती. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी थोडं. लाइट आली की मोटर सुरू करायची, आणि पाणी तळाला लागायच्या आत बंद करायची. विसरलं, मोटर कोरडी फिरली की जळालीच म्हणून समजा. ऐन वैशाखात मोटर जळाली की पाठोपाठ बाग गेली. म्हणून जेवतानासुद्धा एकाचा कान विहिरीकडे असायचा. "लता, मोटर?" "करी बंद." हेच त्यांचं प्रेमाचं बोलणं. दुसरं मी तरी ऐकलं नाही.

आता वनाबद्दल सांगते. वना आमच्याच गावचा. नदीतली वाळू चोरून विकायचा आणि गावात छाती काढून फिरायचा. त्याचे ट्रॅक्टर पुनाच्या बांधावरून जायचे, पाण्याची पाइपलाइन दर चार दिवसांनी फुटायची. पुना सांगून थकला. वना म्हणायचा, "रस्ता तुना बापना शे का?" हो, आमच्या बापाचाच होता! पण वनाशी भांडायला गावात कुणाची टाप नव्हती. मग पुनानं ठरवलं, मोबाईलमध्ये शूटिंग करायचं आणि जळगावला वरच्या साहेबाला दाखवायचं.

वैशाखातली दुपार होती. पुना मोबाईल घेऊन नदीकडे गेला. थोड्या वेळानं एक माणूस पळत बागेत आला आणि लताला म्हणाला, पुनाला ट्रॅक्टरनं उडवलं.

तर ही बाई काय करते? आधी विहिरीवर जाते. मोटर बंद करते. मग नदीकडे पळते.

ती पोचली तेव्हा माझा भाऊ गेलेला होता.

आता सांगा, कोणत्या बहिणीला हे सहन होईल? नवरा वाळूत पडलाय, श्वास मोजतोय, आणि हिला मोटर सुचते? दोन शब्द ऐकायला मिळाले असते त्याचे. पाण्याचा घोट तोंडात घालता आला असता. प्रेत घरी होतं तेव्हाच मी भर अंगणात तिला म्हटलं, "नवऱ्यापेक्षा मोटर प्यारी झाली का गं तुला?" सगळं गाव ऐकत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, बोलली नाही, रडलीही नाही. त्याचा मला जास्तच संताप आला. पुढे गावानं तिला नावच पाडलं, मोटरवाली.

पुनाच्या हाताजवळ त्याचा मोबाईल सापडला होता. त्यात सगळं आलं होतं. ट्रॅक्टर, वाळू, आणि ड्रायव्हरला ओरडून सांगणारा वना, "घाल आंगवर!" आमच्या एका चुलतभावानं तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. मोठा होता, जात नव्हता, म्हणून शेवट कापून टाकला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्यानं माझ्या भावाचं मरण पाहिलं. हवालदार घरी आला. त्यानंही तोच तुकडा स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतला आणि म्हणाला, "झालं काम. मोबाईल ठेवा तुमचा तुमच्याकडे." आम्हालाही वाटलं, झालं काम. व्हिडिओ पोलिसांकडे आहे, जगाकडे आहे. आता रिकाम्या डब्याचं काय करायचं?

आमच्याकडे गंधमुक्तीच्या दिवशी, तेराव्याला, गेलेल्या माणसाची आवडती वस्तू भाच्याला दान देतात. लतानं पुनाचा मोबाईल माझ्या मुलाच्या, नवीनच्या हातात ठेवला. हळदकुंकू लावून, रीतसर. सगळ्या भाऊबंदांसमोर. कुणालाही, अगदी गावातल्या शिकलेल्या मास्तरालाही वाटलं नाही की आपण खुनाचा पुरावा दान करतो आहोत. दान ते दान. नवीननं तो दोन दिवस वापरला, मग मीच हिसकावून घेतला.

का घेतला? सांगते. त्यात आमच्या कानबाई देवीच्या उत्सवाचा व्हिडिओ होता. श्रावणात आम्ही बायका कानबाईची गाणी म्हणत होतो आणि पुना शूटिंग करत होता. तो दिसत नाही, पण मागून त्याचा आवाज येतो, "अक्का, जोरमा म्हण ना! घरमा कोनी झोपेल नही!" आणि हसतो. रोज स्वयंपाक झाला की मी ते लावायची. तो दुसरा, नदीवरचा व्हिडिओ मी कधी उघडला नाही. कापलेलाही पाहिला नाही आणि अख्खाही नाही. माझ्यात ती छाती नव्हती.

वनाला पकडलं, तो जामिनावर सुटला. खटला जळगावला उभा राहिला. वनाचं म्हणणं, मी तिथं नव्हतोच. ड्रायव्हरचं म्हणणं, पुना प्यायलेला होता, आपणहून चाकाखाली आला, अपघात आहे. माझा भाऊ सुपारीसुद्धा खात नव्हता! पण गावातले दोघेतिघे तेही सांगायला तयार झाले. ज्यांच्या अंगणात पुनाच्या बागेतली केळी जायची, तेच.

लता प्रत्येक तारखेला जळगावला जायची. फडक्यात भाकरी, पुनाचा सदरा अंगावर. वनाची माणसं कोर्टाच्या दारात तिला पाहून मोटर सुरू झाल्याचा आवाज काढायची, घुर्र, घुर्र. ही त्यांच्यासमोर बसून भाकरी खायची. मला हे सगळं दुसऱ्यांकडून कळायचं, आमचं बोलणं बंद होतं.

आणि एके दिवशी ती दोंडाईच्याच्या आमच्या घरी उभी. जळगावहून रेल्वेनं आली होती. मी पाणी पुढे केलं, तिनं हात लावला नाही. ओट्यावरच बसली.

"अक्का, त्यास्ना मोबाईल दे."

पुनाचा मोबाईल. मला आधी कळेचना. मग डोक्यात तिडीक गेली. "दिलेलं दान परत मागतेस? लाज नाही वाटत?"

"लाज वाटानी तर वाटू दे. मोबाईल दे."

मग तिनं तुटक तुटक सांगितलं. कोर्टात वनाच्या वकिलानं आडवं लावलं होतं. म्हणे, पोलिसांकडचा व्हिडिओ ही नक्कल आहे, तीही कापलेली. नक्कल आणायची तर ज्या यंत्रातून निघाली त्याचा सहीनिशी दाखला हवा, जाणकाराची सही हवी. ते काहीच नाही. म्हणजे हा पुरावाच नाही, फाइलमधून काढून टाका. सरकारी वकिलानं लताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, मूळ मोबाईल आणा. ज्याच्या ताब्यात तो राहिला त्यानं पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगायचं. नाहीतर वना घरी गेला म्हणून समजा. सगळ्या जगानं पाहिलेली गोष्ट, आणि कोर्टाच्या लेखी ती घडलेलीच नाही! मला तर हसावं की रडावं कळेना.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"माहीत नही. सील करतीन. वर अपील, मंग आखो अपील. परत भेटी का नही, वकील बी सांगत नही."

"त्यातलं कानबाईचं गाणं नवीनला काढून घेऊ दे आधी."

"हात लावू नका. वकिलनी सांगेल शे. आते हात लावा तर त्या म्हणतीन, यास्नी काहीतरी करेल शे."

म्हणजे माझ्या भावाचा आवाज मी स्वतःच्या हातानं कोर्टाच्या कपाटात घालायचा. आणि कुणाच्या सांगण्यावरून? जी त्याला मरताना सोडून मोटरीकडे गेली तिच्या! मी स्पष्ट सांगितलं, "नाही देणार. जा." ती उठली. पदर झाडला आणि स्टेशनकडे चालू लागली. विनवणी नाही, शिवी नाही. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला.

त्याच आठवड्यात बन्सीलाल आला. आमच्या नात्यातला, लग्नं जमवणारा, गोड बोलणारा. वनाकडून आला होता हे त्यानं चपला काढायच्या आधीच मला कळलं. चहा पिऊन म्हणाला, "अक्का, गेलेला माणूस काही परत येत नाही. जुना मोबाईल, पडला असेल, फुटला असेल, भंगारात गेला असेल. एवढंच म्हणायचं." मग बशी खाली ठेवत म्हणाला, "नवीन रोज मोटरसायकलनं शिरपूरला जातो ना कामाला? जपून जा म्हणावं. वाळूच्या गाड्या फार झाल्या रस्त्याला."

खरं सांगते, तोवर मी मोबाईल द्यायचं ठरवलेलं नव्हतं. पण माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्या पोराच्या जिवावर बोलतो? "ऊठ!" मी ओरडले. "ऊठ मेल्या, आणि सांग तुझ्या वनाला, भाऊ खाल्लास, आता बहीण येतेय कोर्टात!" बन्सीलाल एक चप्पल पायात, एक हातात घेऊन पळाला. नवीनला मी काही दिवस एसटीनं पाठवलं. भीती वाटत नव्हती असं नाही. रोज संध्याकाळी तो दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

बन्सीलाल पळाला त्याच संध्याकाळी कानबाईचं गाणं शेवटचं लावलं. "अक्का, जोरमा म्हण ना." मग मोबाईल बंद केला, धुतलेल्या फडक्यात गुंडाळला आणि जळगावला नेऊन सरकारी वकिलासमोर ठेवला. रीतसर पंचनामा झाला, सील झालं, तपासायला प्रयोगशाळेत गेला. तिथल्या जाणकारानं सांगितलं, फाइल जशीच्या तशी आहे. फाइलचा म्हणे ठसा निघतो, आत एवढंसं जरी हललं तरी ठसा बदलतो.

माझी साक्ष आली. जज्जसाहेब कोल्हापूरकडचे होते, शांत माणूस. वनाचा वकील मात्र मला सोलायलाच उभा होता.

"फोन तुमच्या ताब्यात होता?"

"हो."

"कोणत्या कंपनीचा?"

"ठाऊक नाही."

"तुमचा मुलगा कॉम्प्युटर शिकलेला आहे?"

"आहे."

"म्हणजे व्हिडिओत वनाचा आवाज घालणं त्याला अवघड नव्हतं."

माझं डोकं सटकलं. "साहेब, आवाज घालता आला असता तर मी वनाचा कशाला घातला असता? भावाचा घातला असता. आणखी थोडं बोलायला लावलं असतं त्याला."

जज्जसाहेबांनी मला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं. मी मान खाली घातली. वकील थांबला नाही. "तुम्ही आणि तुमच्या भावजयीनं मिळून हे रचलं, असं माझं म्हणणं आहे."

"मिळून?" मी म्हटलं. "वकीलसाहेब, तो मेला त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही. कुणालाही विचारा. तिच्यासाठी मी एक काडी इकडची तिकडे करणार नाही."

वकिलानं कागद चाळले. गावातली त्याचीच माणसं आमचं भांडण सांगत फिरली होती, ते आता त्याला खोटं कसं म्हणता येईल? तो खाली बसला. दोन्हीकडचं बोलणं ऐकून जज्जसाहेबांनी सांगितलं, हरकत फेटाळली, मूळ मोबाईल पुराव्यात घेतला आहे, व्हिडिओ लावा.

पुढे निकाल लागला, वनाला आणि ड्रायव्हरला जन्मठेप झाली. ते सगळं पेपरात आलं. अपील चालू आहे, मोबाईल अजून कोर्टातच आहे. पण व्हिडिओ लावला त्या दुपारी कोर्टात जे झालं ते पेपरात आलं नाही. ते मी सांगते.

भिंतीवर पडदा होता. मी डोळे मिटून बसणार होते, पण पुनाचा आवाज आला आणि डोळे उघडलेच. "हाई पहा, बठ्ठी नदी खोदी टाकी," सगळं खणलेलं पात्र दाखवत तो बोलत होता. ट्रॅक्टर दिसला. वना दिसला, हात वर करून. "घाल आंगवर! काय पाहास?" मग धडाड आवाज झाला, चित्र उलटंपालटं झालं, आणि पडद्यावर नुसतं पांढरं आभाळ राहिलं. गावाला माहीत असलेला व्हिडिओ इथंच संपत होता.

हा संपला नाही. आभाळ तसंच होतं. ट्रॅक्टर लांब गेल्याचा आवाज आला. वनाची माणसं खाली बघू लागली. मग वाळूतून, अगदी जवळून, घोगरा आवाज आला. माझ्या भावाचा.

"लता... मोटर... मोटर बंद कर वं..."

तेवढंच. नंतर नुसता वारा.

मागच्या बाकावरून लता उठली. पुनाच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती. जी बाई लग्नात रडली नाही, मयतीत रडली नाही, ती भर कोर्टात पडद्याकडे बघून हंबरडा फोडत होती.

"करी व्हती हो! जावाना पहिलेच बंद करेल व्हती मी! आयकलं का... बंद करेल व्हती!"

शिपाई धावला. जज्जसाहेबांनी हातानं त्याला थांबवलं. आमची बोली त्यांना समजली नसावी. "काय म्हणताहेत या?" त्यांनी विचारलं. सरकारी वकील खाकरला.

मी उभी राहिले.

"साहेब, ती त्याला सांगतेय, मोटर तिनं बंद केली होती. नदीकडे पळायच्या आधी, सगळ्यात आधी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे, साहेब," मी म्हटलं, आणि जाऊन तिच्याजवळ उभी राहिले.